शिट्टी गळ्यात पडली की...

परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे विजेच्या खांबांवर बॅनर चढतात. समर क्रिकेट कॅम्प, फुटबॉल कोचिंग, कराटे, स्केटिंग, ‘मर्यादित जागा, त्वरित संपर्क साधा’. बॅनरवर हाताची घडी घातलेले हेड सर असतात. पण सकाळी सात वाजता वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही मैदानावर किंवा टर्फवर जाऊन बघा. हेड सर यायचे असतात. त्यांच्या आधी येऊन कोन लावणारा, पोरांना दोन राऊंड मारायला लावणारा, लेस सुटलेल्या पोरावर ओरडणारा जो कोणी असतो, तो बहुतेक वेळा एसवायबीकॉमचा असतो. नाहीतर टीवायची एखादी ताई. ती अकरावीपासून कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये आहे आणि आता सोसायटीतल्या मुलींची टीम बघते. पेट्रोल आणि रिचार्ज सुटेल एवढे पैसे मिळतात, ग्राउंड फुकट मिळतं आणि दहा वर्षांची पोरं ‘सर, सर’ करत मागे फिरतात. भारी वाटतं. वाटायलाच हवं.

आजचा हा लेख त्या सरांसाठी आणि त्या ताईसाठी. लहान मुलांच्या टीमसोबत असणाऱ्या मोठ्यांनी कसं वागावं, याची चर्चा आपल्याकडे कायम दुसऱ्या कोणाबद्दल होते. पीटीचे सर, असोसिएशनचे पदाधिकारी, बाउंड्रीवर उभं राहून मुलावर खेकसणारे पप्पा. त्या चर्चेत आपण स्वतःला अजून पोरांमध्येच मोजत असतो. कायदा तसं मोजत नाही. अठरा पूर्ण झाली की तुम्ही मोठे, आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे तो मोठा माणूस पगारावर आहे की पॉकेटमनीवर, हे कोणी विचारत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत तर तुम्ही चाळिशीच्या सरांपेक्षाही मोठे असता. कारण सर त्याला लांबचे वाटतात. तुमची हेअरस्टाइल, तुमचा बोलायचा टोन, तुमची शिवीसुद्धा तो उचलतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई पूर्वेतल्या एका शाळेत काय झालं ते आठवत असेल. सहावीतली मुलगी शाळेत उशिरा आली. पाठीवर दप्तर असताना तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप होता. त्यानंतर तिची तब्येत बिघडली आणि आठवड्याभरात उपचारादरम्यान ती गेली. शिक्षिकेला अटक झाली. मृत्यूचं नेमकं कारण काय, दोष कोणाचा आणि किती, हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे. आपण वेगळ्या गोष्टीकडे बघू. त्या शिक्षेचं नाव काय होतं? उठाबशा. म्हणजे व्यायाम. छडी नाही, थोबाडीत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत काढल्यात, आणि आज मैदानावर शिट्टी हातात आल्यावर कितीतरी जण सहज काढायला लावतात. ‘लेट आलास? दहा राऊंड.’ ‘कॅच सोडला? वीस पुशअप्स.’ ‘बडबड करतेस? कोंबडा हो.’ मैदानावर आपण याला शिक्षा म्हणतच नाही, फिटनेस म्हणतो.

वॉर्मअपमधल्या पंधरा उठाबशा आणि उशिरा आल्याबद्दलच्या शंभर उठाबशा, यांत फरक नुसता आकड्याचा नाही. वॉर्मअपमध्ये दमलं की थांबता येतं. ‘सर, चक्कर येतेय’ म्हणता येतं. शिक्षेत थांबणं हाच दुसरा गुन्हा होऊन बसतो, म्हणून मूल बोलत नाही, करत राहतं. सवय नसलेल्या शरीराकडून एकाच प्रकारचा व्यायाम मर्यादेबाहेर करून घेतला तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातून सुटलेली द्रव्यं रक्तात जातात आणि त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो. लघवीचा रंग चहासारखा दिसला तर ते मूल थेट हॉस्पिटलमध्ये न्यायचं असतं, ‘उद्या बरं वाटेल’ म्हणून घरी पाठवायचं नसतं. त्यात आपली हवा. एप्रिल-मेमध्ये वसईच्या किनारपट्टीवर सकाळी नऊलाच अंगाला घामाची चिकचिक होते. हवेत इतका ओलावा असतो की घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकलाच नाही तर अंग थंड होत नाही. अशा वेळी ‘राऊंड पूर्ण झाल्याशिवाय पाणी नाही’ म्हणणाऱ्याला कडक कोच म्हणू नका. त्याला शरीर कसं चालतं तेच माहीत नाही.

आणि उशीर का झाला, हे कोणी विचारलं का? दहा वर्षांचं मूल स्वतःहून उशिरा येत नाही. टँकर आला म्हणून ते आईबरोबर हंडे भरत असतं. बाबांची नाइट असते आणि सोडायला कोणी नसतं. रिक्षावाला शेअरची चौथी सीट भरल्याशिवाय निघत नाही. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागू नये. उशिरा आलेल्याने शेवटी बॅटिंग करावी, कोन गोळा करावेत, बास. रोजच उशीर होत असेल तर घरी फोन करावा.

आता तुमच्यातला एक जण म्हणेल, ‘आम्हाला पण मारलं होतं यार. म्हणून तर घडलो.’ आणि लगेच आचरेकर सरांचं नाव निघेल. त्या गोष्टीकडे जरा नीट बघायला हवं, कारण मुंबई आणि आसपासच्या मैदानांवर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हे लायसन्स आहे. शाळकरी सचिन स्वतःची मॅच सोडून वानखेडेवर आपल्या शाळेच्या सीनियर टीमची हॅरिस शील्डची फायनल बघायला गेला. सरांनी पकडलं, थोबाडीत दिली, आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवायला हव्यात, अशा अर्थाचं बोलले. सचिनने स्वतः हे अनेकदा सांगितलंय, प्रेमाने सांगितलंय. कोणाचीही भावना दुखवायचं कारण नाही. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत का पोचली? सांगणारा सचिन तेंडुलकर आहे म्हणून. ज्या पोरांनी कुठल्या तरी मैदानावर कुठल्या तरी सरांची थोबाडीत खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून बॅट माळ्यावर टाकली, त्यांना माइक कोण देतो? ती मुलंही आहेतच. तुमच्याच वर्गात, लास्ट बेंचवर. एकदा विचारून बघा, ‘तू खेळायचास ना रे? का सोडलंस?’

आणि आचरेकर सरांकडून उचलायचंच असेल तर थप्पडच का? सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आउट केलं तर नाणं बॉलरचं, शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. ती नाणी सचिनने आयुष्यभर जपली. एका दिवसात पोराला जास्तीत जास्त बॅटिंग मिळावी म्हणून सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. त्यांच्या कोचिंगमधला मोठा भाग हा होता, वेळ देणं. थप्पड मारायला दोन सेकंद लागतात. स्कूटर चालवायला अख्खी दुपार जाते. अनुकरण कशाचं सोपं आहे ते दिसतंच आहे.

पण त्या स्कूटरपाशीही जरा थांबायला हवं. आज एखादा कोच तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एकट्याला बाइकवर बसवून मैदानांवर फिरवत असेल तर काय म्हणायचं? इथे उत्तर तितकं सरळ नाही. आपल्याकडचा अर्धा खेळ असाच चालतो. ज्या घरात मुलाला मैदानावर सोडायला कोणी नाही, त्या घरातलं पोर कोचच्या बाइकवरच खेळाडू होतं. ‘कोणालाही लिफ्ट देऊ नका’ असा नियम केला तर ज्यांच्या दारात गाडी आहे तेवढेच खेळतील. दुसरीकडे हेही खरं, की ज्या माणसाला मुलाचा गैरफायदा घ्यायचा असतो तो नेमका असाच येतो. मदत करणारा, वेळ देणारा, घरच्यांचा विश्वास कमावणारा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला तो उपचारांच्या आडून, कधी कधी तर पालक त्याच खोलीत असताना. २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावण्यापूर्वी दीडशेहून जास्त मुली आणि बायकांनी कोर्टात आपली कहाणी मांडली. त्यानंतर तिथे खेळातल्या मोठ्या माणसांसाठी जे नियम कडक झाले, त्यांतला एक अगदी साधा आहे. मोठा माणूस आणि मूल एकटे असतील तर कोणाला तरी दिसतील असे असावेत, आणि कोणीही मध्येच येऊ शकेल असे असावेत. बस्स. बंद खोली नको, बंद गाडी नको.

हा नियम आपल्या बाइकला लावून बघा. घरच्यांना आधी सांगितलंय? ग्रुपवर ‘निघालो’, ‘पोचलो’ टाकलंय? शक्यतो दोन मुलं बरोबर आहेत? मग लिफ्ट ही लिफ्टच राहते. चेंजिंग रूमचंही तेच. दुखापत बघायची असेल तर दुसऱ्या कोणाला तरी हाक मारा, मुलाला विचारून हात लावा. ग्रिप शिकवताना, कबड्डीतली पकड दाखवताना अंगाला हात लागणारच. ‘हात असा धरतो हं’ असं आधी सांगायला किती वेळ लागतो?

मोबाइलबद्दल जास्त लिहायला नको, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच, की टीमच्या मुलामुलींना पर्सनल मेसेज नाही. जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. रात्री अकराला ‘झोपली नाहीस अजून?’ हे एकवीस वर्षांच्या कोचने चौदा वर्षांच्या मुलीला विचारायचा प्रश्नच नाही, हेतू कितीही स्वच्छ असो. आणि मुलांचे फोटो पालकांना न विचारता रीलमध्ये टाकायचे नाहीत, कॅम्पची जाहिरात असली तरी.

आता आपल्या खास विषयाकडे येऊ. लोकल. वसई-विरारमध्ये क्रिकेट गंभीरपणे खेळायचं म्हटलं की आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल किंवा शिवाजी पार्क गाठावं लागतं. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर पहाटेची गाडी पकडून विरारहून वांद्र्याला जायचा, ही गोष्ट इथल्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घराला पाठ आहे. हॅरिस शील्डमध्ये त्याने २०१३ साली ५४६ केले, २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीमचा तो कॅप्टन होता. पण त्या गोष्टीत सोबत वडील होते. सगळ्यांचे वडील येऊ शकत नाहीत. मग सोबत येतो तो टीमचा दादा. एकवीस वर्षांचा मुलगा, चौदा पोरं आणि विरार फास्ट. त्या डब्यात शिरताना-उतरताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ग्रुपमध्ये ‘सगळे चढलेत ना?’ असं ओरडून विचारणं म्हणजे मोजणं नव्हे. चढण्याआधी मोजायचं, उतरल्यावर मोजायचं, आणि एखादा राहिला तर त्याने कुठे थांबायचं ते आदल्या दिवशीच ठरवायचं. दारात उभं राहायचं नाही हे पोरांना सांगणारा दादा स्वतः दारात लटकलेला असेल तर सांगून उपयोग नाही.

मुलींच्या टीमचं काय? इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. कोच पुरुष, मुली लेडीज डब्यात, आणि कोच दोन डबे पलीकडे. बारा-तेरा वर्षांच्या अकरा मुली दीड तास कोणत्याही जबाबदार माणसाशिवाय प्रवास करतात, आणि कागदावर मात्र ‘सोबत कोच’ असतो. दहापैकी नऊ आयोजक म्हणतील, ‘मुली शहाण्या आहेत.’ आहेतच. शहाणं असणं आणि जबाबदारी असणं यांत फरक आहे. जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरातून एका भारतीय सायकलपटूने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. तिच्याबरोबर टीममध्ये दुसरी बाई नव्हती. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने फर्मान काढलं, की महिला खेळाडू असतील तर पथकाबरोबर महिला प्रशिक्षक हवीच. त्याच उन्हाळ्यात अंडर-१७ मुलींच्या फुटबॉल टीमच्या एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून युरोप दौऱ्यातून परत पाठवलं गेलं. देशाच्या टीमला जो नियम इतक्या उशिरा सुचला, तो वसईहून कांदिवलीला जाणाऱ्या टीमला आजपासून लावता येतो. खर्च एका रिटर्न तिकिटाचा. आणि टीवायच्या त्या कबड्डीवाल्या ताईसाठी हे खरं काम आहे. नुसतं ‘सोबत ये’ म्हणून तिला न्यायचं नाही. मॅनेजर म्हणून तिचं नाव टीम शीटवर लिहायचं आणि तिला मानधनही द्यायचं.

कायद्याचं थोडं. कंटाळू नका, कारण हे तुमच्यावर येतं. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. टर्फ म्हणजे शाळा नव्हे, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ शाळा-टर्फ बघत नाही. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला विनाकारण त्रासात टाकलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे ना, त्यात ‘कामाचं ठिकाण’ या शब्दांत क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचं मैदान हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे असिस्टंट कोच असलेल्या ताईला हेड सरांचा त्रास होत असेल तर तो ‘मैदानावर चालायचंच’ या खात्यात जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचा पॉक्सो, २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं ही प्रत्येकाची सक्ती आहे. कलम १९. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे ‘आधी हेड सरांशी बोलतो, ते बघून घेतील’ हे पुरेसं नाही. सर मित्र असोत, गल्लीतले असोत, त्यांनीच तुम्हाला कॉलेजच्या टीममध्ये घेतलेलं असो. मूल काही सांगायला आलं तर ऐकून घ्या. खोदून खोदून विचारू नका, ‘नक्की ना?’ म्हणू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. मुलाचं नाव ग्रुपवर, मित्रांमध्ये, कुठेही जाऊ देऊ नका. तपास करणं तुमचं काम नाही.

हे सगळं वरच्या पातळीवर तरी नीट चालतं का? जानेवारी २०२३ मध्ये ऑलिम्पिक मेडल मिळवलेल्या कुस्तीपटूंना महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध तक्रार करायला जंतरमंतरवर बसावं लागलं. तक्रार समितीचा मुद्दा तेव्हाच पुढे आला आणि मग राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा काढल्या. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला, त्यात महासंघांना सुरक्षित खेळाचं धोरण आणि तक्रारीची व्यवस्था ठेवायला सांगितलं आहे. चांगलं आहे. पण ते धोरण दिल्लीहून नालासोपारा पूर्वेच्या टर्फवर पोचायला किती वर्षं लागतील याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. पहिली, वयाचा दाखला. अंडर-१४ ला पंधरा-सोळाचा पोरगा घुसवणं ही आपल्याकडच्या स्पर्धांची जुनी ‘स्ट्रॅटेजी’ आहे आणि ते कागद फिरवणारा बऱ्याचदा टीमचा मॅनेजरच असतो. बीसीसीआयने २०२० मध्ये सांगितलं होतं, स्वतःहून कबूल करा, माफ करू, पकडले गेलात तर दोन वर्षं बंदी. बंदी मुलावर येते, मॅनेजरवर नाही. दुसरी, औषध. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी लागली ती खोकल्याच्या औषधात असतं त्या टर्ब्युटालिनमुळे. हा तर भारतासाठी टेस्ट खेळलेला खेळाडू. तेव्हा टूरवर एखाद्या पोराला बरं नाही म्हणून बॅगेतून कुठलीही गोळी काढून देणारे दादा-ताई, थांबा. घरी फोन करा, डॉक्टरकडे न्या.

जिभेबद्दलही बोलायला हवं. आपल्या टीममध्ये कोण कोण असतं बघा. वाडवळ, आगरी, कोळी, वसईचे ख्रिस्ती, आदिवासी पाड्यावरचा, यूपीहून आलेल्या कुटुंबातला, गुजराती, दाक्षिणात्य. इतकी मिक्स टीम शोधून सापडणार नाही. आणि मग एका दादाच्या तोंडून ‘ए भय्या’, ‘ए काळ्या’, ‘जाड्या पळ’, ‘मुलीसारखा काय थ्रो करतोस’. सगळे हसतात. ज्याला म्हटलं तोही हसतो, कारण त्याला उद्याही खेळायचं असतं. सीनियर मुलांच्यात एकमेकांना काय म्हणायचं ते म्हणा. गळ्यात शिट्टी असताना तुमच्या तोंडून निघालेलं नाव दुसऱ्या दिवशी अख्खी टीम वापरते, आणि ते त्याला दहावीपर्यंत चिकटतं.

मागणी करायची ती महापालिकेकडेही. मैदानावर शिबिर किंवा स्पर्धा घ्यायची तर परवानगी लागते. त्या परवानगीच्या अर्जात आणखी चार ओळी घाला. मुलांबरोबर असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव आणि ओळखपत्र. मुली असतील तर महिला मॅनेजर. पाणी आणि प्रथमोपचार. तक्रारीचा नंबर लिहिलेला फलक, मुलांच्या उंचीवर. दर डिसेंबरला वसई तालुका कला क्रीडा महोत्सवात तालुक्यातली शाळा-कॉलेजची हजारो मुलं उतरतात, महापौर मॅरेथॉनला लहान गटही धावतात. आपल्याकडे एवढं मोठं आयोजन करणारी माणसं आहेत, त्यांना हे जड नाही. कॉलेजांच्या जिमखान्यांनीही जे विद्यार्थी बाहेर कोचिंग करतात त्यांच्यासाठी वर्षातून एक दिवस द्यावा. प्रथमोपचार, उष्माघात, पॉक्सो. एका दिवसात होतं.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. या उन्हाळ्यात कोणी तुम्हाला ‘ये ना, असिस्टंट म्हणून, सोपं काम आहे’ म्हटलं, तर पैशांच्या आधी विचारा. एकूण किती मुलं, किती मोठी माणसं? ताई कोण असणार? कोणाला लागलं तर जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि गाडी कोणाची? मॅच लांबली आणि विरारला उतरायला रात्रीचे दहा वाजले, तर स्टेशनवरून शेवटच्या मुलाला घरी कोण सोडणार? ‘बघू रे, तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं, तर शिट्टी घेऊ नका.